‘जनरेशन’ घातलं की वाक्य अडतं: नेहमीचे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलेला मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. अर्ज, परिचयपत्रं, सत्काराची भाषणं, माहितीपत्रकातली दोन पानं, कुणाच्या तरी मुलीचा निबंध. इतक्या वर्षांत काही शब्द असे झालेत की ते ओळीत दिसले की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. ‘जनरेशन’ त्यातलाच एक. शब्द अवघड मुळीच नाही, अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पण ठाऊक असल्यामुळेच त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, आणि गोची तिथे होते.

मध्यंतरी एका घरगुती व्यवसायाच्या माहितीपत्रकात हे वाक्य आलं:

“अवर्स इज अ फोर जनरेशन्स बिझनेस अँड इन टुडे जनरेशन ऑल्सो वी आर डुइंग जनरेशन्स ऑफ एम्प्लॉयमेंट.”

एका वाक्यात तीन जनरेशन, आणि तिन्ही तीन वेगळ्या कारणांनी नादुरुस्त. लिहिणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, “अहो, कळतंय ना काय म्हणायचंय ते?” कळत होतंच, कारण मी ते मनातल्या मनात मराठीत वाचलं होतं. ज्याला मराठी येत नाही तो पहिल्याच ‘जनरेशन्स’पाशी अडखळला असता. तर हे एक वाक्य समोर ठेवून सगळेच बिघाड बघू. क्रम मात्र माझा, वाक्यातला नाही.

आधी निदान: तुमच्या कानाला विचारा

या शब्दाला इंग्रजीत मुख्य कामं दोन आहेत. एक पिढी, दुसरं निर्मिती. दोन्ही एकाच मुळातून आली. लॅटिन ‘जेनेरारे’ म्हणजे जन्माला घालणं. जन्माला आलेल्यांचा समूह ती पिढी, आणि जन्माला घालण्याची क्रिया ती निर्मिती. आपल्या जन्म, जनन, जनक या शब्दांमागचा ‘जन्’ धातू याच घराण्यातला, म्हणजे देवनागरीत ‘जनरेशन’ लिहिताना सुरुवातीला ‘जन’ येतं ते दूरचं खरंखुरं नातं आहे.

इंग्रजी व्याकरणात मात्र ही दोन कामं वेगळी वागतात. पिढी या अर्थाने शब्द मोजता येतो: वन जनरेशन, टू जनरेशन्स. त्यामुळे एकवचनात त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असं काहीतरी लागतं, उघडा सोडता येत नाही. निर्मिती या अर्थाने तो पाण्यासारखा, वाळूसारखा. मोजत नाहीत, अनेकवचन नाही, आणि आधी ‘अ’ चिकटवत नाहीत.

आता कोणतं काम चालू आहे हे ओळखायचं कसं? व्याकरणाची पुस्तकं इथे व्याख्या देतात. मी मराठीत बोलून बघायला सांगते. आपण म्हणतो, “आमची जनरेशन वेगळी होती.” स्त्रीलिंगी, कारण कानामागे पिढी उभी आहे. पण वीजकेंद्रात काम करणारा माणूस काय म्हणतो? “आज जनरेशन कमी झालं.” नपुंसकलिंगी, कारण त्याच्या मनात उत्पादन आहे. शब्द तोच, लिंग बदललं, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून माझा तोडगा असा: इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तेच मराठीत, ‘जनरेशन’ शब्द तसाच ठेवून म्हणा. ‘ती’ जनरेशन आली तर मोजायची, ‘ते’ जनरेशन आलं तर मोजायचं नाही. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागतं.

बिघाड: ‘जनरेशन्स ऑफ एम्प्लॉयमेंट’

माहितीपत्रकातला तिसरा दोष यातला सोपा, म्हणून आधी तो उरकून घेऊ. रोजगारनिर्मिती झालं की झाली? निर्मिती झाली हे खरं, पण ‘जनरेशन’ शब्द ठेवून म्हटलं तर “एम्प्लॉयमेंट जनरेशन झालं”. म्हणजे ते, म्हणजे मोजायचं नाही. ‘जनरेशन्स ऑफ एम्प्लॉयमेंट’ असं लिहिलं की इंग्रजी वाचकाला वाटतं, नोकरी करणाऱ्यांच्या पिढ्या सांगताहेत की काय.

बरोबर रूपं: ‘एम्प्लॉयमेंट जनरेशन’, ‘पॉवर जनरेशन’, ‘इन्कम जनरेशन’. ‘ऑफ’ घालून लिहायचं असेल तर पुढे ‘द’ येतो: ‘द जनरेशन ऑफ इलेक्ट्रिसिटी फ्रॉम कोल’. अनेकवचन कशातच नाही.

पण खरं सांगू का, रोजच्या वाक्यात या अर्थाचं नाम वापरायची गरज फार थोडी असते. ‘वी आर डुइंग जनरेशन’ किंवा ‘जनरेशन इज डन’ ही सरकारी मराठीतल्या ‘निर्मिती करण्यात येत आहे’ची इंग्रजी आवृत्ती आहे. क्रियापद हाताशी असताना नाम कशाला? ‘वी जनरेट जॉब्ज’, नाहीतर त्याहून साधं, ‘वी क्रिएट जॉब्ज’. तसंच ‘ओटीपी जनरेशन इज नॉट हॅपनिंग’. मोबाइलकडे बघत वैतागलेला इंग्रजी भाषक फक्त ‘आय हॅवन्ट गॉट द ओटीपी’ म्हणतो. ओटीपी तयार झाला नाही की तयार होऊन वाटेत अडकला, हे त्याला ठाऊक नसतं आणि तुम्हालाही नसतं.

बिघाड: ‘इन टुडे जनरेशन’

हा सर्वांत जास्त वेळा येतो. निबंधाची सुरुवातच याने होते. यात दोन चुका आहेत. वरवरची चूक ‘टुडे’ला ‘ज’ न लावल्याची. ‘आजची’ पिढी, म्हणून ‘टुडेज जनरेशन’. ती दुरुस्त करून लोक निर्धास्त होतात. खालची चूक तशीच राहते.

मराठीत ‘आजच्या पिढीत’ म्हटलं की त्यात काळही येतो आणि माणसंही. ‘आमच्या पिढीत असं नव्हतं’ म्हणजे आमच्या काळात असं नव्हतं. ‘पिढी’ हा शब्द आपल्याकडे खोलीसारखा आहे, त्यात माणसं बसतात आणि वर्षंही. इंग्रजीत ‘जनरेशन’ मुख्यतः माणसांचा गट. त्यामुळे ‘इन टुडेज जनरेशन मोबाइल इज नेसेसरी’ हे वाक्य, ‘आजच्या माणसांमध्ये मोबाइल गरजेचा आहे’ असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. काळ सांगायचा असेल तर सरळ ‘टुडे’, ‘दीज डेज’ किंवा ‘नाऊ’. ‘आमच्या पिढीत’ हवं असेल तर ‘इन माय डे’ किंवा ‘व्हेन वी वेअर यंग’. आणि माणसं सांगायची असतील तर त्यांनाच कर्ता करा: ‘माय जनरेशन ग्रू अप विदाउट मोबाइल्स.’ इथे शब्द एकदम आपल्या जागी बसतो.

एक पळवाट सांगून ठेवते. वाक्यात ‘जनरेशन’च्या जागी ‘पीपल’ घालून पाहा. ‘पीपल’ने अर्थ लागला तर ‘जनरेशन’ राहू द्या. ‘पीपल’ने वाक्य कोसळलं तर तुम्हाला काळ म्हणायचा होता.

याच्याच आसपासचे आणखी काही खटके. ‘जनरेशन पीपल’ किंवा ‘न्यू जनरेशन पीपल्स’ असं दोन्ही एकत्र लिहू नका, जनरेशनमध्ये पीपल आलेच. ‘यंगर जनरेशन डज नॉट रीड’ याच्या सुरुवातीला ‘द’ हवा: ‘द यंगर जनरेशन’. तसंच ‘द ओल्डर जनरेशन’, ‘द नेक्स्ट जनरेशन’. मात्र ‘फ्यूचर जनरेशन्स’ बहुतेक वेळा ‘द’शिवाय आणि अनेकवचनात, कारण तिथे कुणा ठरावीक पिढीवर बोट ठेवलेलं नसतं.

आणि ‘नवी पिढी’चं भाषांतर डोळे मिटून ‘न्यू जनरेशन’ करू नका. आई ज्या सुरात “ही नवी पिढी” म्हणते ती इंग्रजीत ‘द यंगर जनरेशन’. ‘न्यू जनरेशन’ला पुढे बहुधा ‘ऑफ’ हवा असतो: ‘अ न्यू जनरेशन ऑफ पोएट्स’, कवींची नवी फळी. आपण ‘फळी’ म्हणतो तिथे ‘न्यू जनरेशन ऑफ’ छान बसतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

‘माय जनरेशन इज’ की ‘आर’? अमेरिकेत बहुधा ‘इज’. ब्रिटनमध्ये गटातल्या माणसांचा विचार असेल तर ‘आर’ही चालतं. एका मजकुरात एकच ठेवा, एवढंच.

बिघाड: ‘फोर जनरेशन्स बिझनेस’

आता मुख्य दुखणं. यात व्याकरणाचा बिघाड छोटा आहे, मोजणीचा मोठा.

व्याकरणाचा असा: संख्या आणि नाम मिळून पुढच्या नामाचं विशेषण झालं की इंग्रजीत अनेकवचन गळून पडतं आणि मध्ये जोडरेघ येते. फाइव्ह-इयर प्लॅन म्हणतात, फाइव्ह-इयर्स प्लॅन नाही. तसं ‘थ्री-जनरेशन फॅमिली’. आपण ‘तीन पिढ्यांचं कुटुंब’ म्हणतो, ‘पिढ्या’ अनेकवचनी कानात असतात, म्हणून ‘स’ सुटत नाही.

मोजणीचा बिघाड समजण्यासाठी त्याच फोनवर परत जाऊ. मी विचारलं, व्यवसाय सुरू कोणी केला? “आमच्या पणजोबांनी.” मग चार पिढ्या कशा? ते बोटं मोडत मोजू लागले: पणजोबा, आजोबा, वडील, मी. बरोबर, चार. म्हणजे ते स्वतः ‘फोर्थ-जनरेशन ओनर’. मग मी विचारलं, पणजोबा तुमच्या किती पिढ्या मागे? पुन्हा बोटं: वडील एक, आजोबा दोन, पणजोबा तीन. “तीन! म्हणजे तीन लिहायचं?”

दोन्ही आकडे खरे आहेत. कुंपणाचे खांब मोजले तर चार, खांबांमधल्या जागा मोजल्या तर तीन. ‘फोर जनरेशन्स ऑफ द फॅमिली हॅव रन इट’ म्हणताना आपण माणसं मोजतो. ‘थ्री जनरेशन्स बॅक’ किंवा ‘थ्री जनरेशन्स अगो’ म्हणताना पायऱ्या मोजतो. एकाच माहितीपत्रकात वर ‘फोर्थ-जनरेशन’ आणि खाली ‘थ्री जनरेशन्स अगो’ आलं तर ती चूक नाही. पण वाचणारा गोंधळेल, म्हणून मी दुसरं काढून सरळ ‘माय ग्रेट-ग्रँडफादर’ लिहायला लावते. माणसाचं नातं सांगितलं की आकड्याचं भांडणच मिटतं.

पायऱ्या मोजायच्या तर एका पायरीत वर्षं किती, हा पुढचा प्रश्न. ‘अ जनरेशन अगो’ म्हणजे दहा वर्षांपूर्वी नव्हे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने शंभर वर्षांत तीन पिढ्या धरल्या होत्या, म्हणजे साधारण 33 वर्षांची एक. 2023 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून गेल्या अडीच लाख वर्षांचा अंदाज काढला गेला, तो सरासरी 26.9 वर्षं आला. रोजच्या इंग्रजीत 25 ते 30 वर्षं धरून चालतात. ‘वन्स-इन-अ-जनरेशन चान्स’ म्हणजे अशी संधी जी पंचवीस-तीस वर्षांत एकदा येते. सवलतीच्या जाहिरातीत हा शब्दप्रयोग दरवर्षी दिसतो तेव्हा मला हसू येतं. अर्थात हे माणसांचं. सगळं पोषक असेल तर ई. कोलाय या जिवाणूची एक पिढी सुमारे 20 मिनिटांत उरकते. तिथेही शब्द ‘जनरेशन’च.

‘फर्स्ट-जनरेशन’: इथे चूक नसतानाही गैरसमज होतो

हा बिघाड तुमच्या वाक्यात नाही, शब्दातच आहे. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबात फर्स्ट-जनरेशन कोण? जी व्यक्ती विमानातून उतरली ती, की तिचं तिथे जन्मलेलं मूल? बोलीत दोन्ही अर्थांनी वापरतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या हिशेबात परदेशात जन्मलेले ते पहिल्या पिढीचे, आणि अमेरिकेत जन्मलेले पण आई किंवा वडील परदेशात जन्मलेले ते दुसऱ्या पिढीचे. जपानी भाषेत हाच घोळ शब्दांनीच मिटवलाय: स्थलांतर केलेले इस्सेई, त्यांची मुलं निसेई, नातवंडं सान्सेई. अक्षरशः पहिली, दुसरी, तिसरी पिढी.

कॉलेजच्या अर्जावर ‘फर्स्ट-जनरेशन स्टुडंट’ लिहिलं असेल तर त्याचा स्थलांतराशी संबंध नाही. घरातून पदवीच्या शिक्षणापर्यंत पोचणारी पहिली पिढी, असा तो अर्थ. एका मुलीने तो रकाना रिकामा सोडला होता, कारण “आम्ही कुठे परदेशातून आलो?” तिचे आईवडील शाळेच्या पुढे शिकलेले नव्हते. तो रकाना तिच्यासाठीच होता.

उपाय एकच: स्वतः लिहीत असाल तर ‘फर्स्ट-जनरेशन’ एकटं सोडू नका. ‘द फर्स्ट इन माय फॅमिली टू गो टू कॉलेज’, ‘माय पेरेंट्स मूव्ह्ड हिअर, आय वॉज बॉर्न हिअर’. चार शब्द वाढतात, गैरसमज संपतो.

जनरेशन गॅप

मराठीत हा शब्द इतका रुळलाय की त्याला स्वतःचे अर्थ फुटलेत. “आमच्या दोघी बहिणींत आठ वर्षांची जनरेशन गॅप आहे.” इंग्रजीत हे चालणार नाही. ‘जनरेशन गॅप’ वर्षांत मोजत नाहीत. दोन पिढ्यांच्या विचारांत, आवडीनिवडीत जी दरी पडते ती. 1960 च्या दशकात, तरुण आणि त्यांचे आईवडील यांच्यातला खटका जगभर गाजत होता तेव्हा हा शब्दप्रयोग रूढ झाला. वर्षं सांगायची तर ‘एज गॅप’: ‘देअर इज अ‍ॅन एट-इयर एज गॅप बिटवीन अस.’ ‘टू जनरेशन गॅप’ हाही असाच प्रकार. आजी आणि नातवामधलं अंतर सांगायचं तर ‘वी आर टू जनरेशन्स अपार्ट’.

जेन झी, फाइव्ह जी आणि आय-फाइव्ह

‘जेन झी जनरेशन’ लिहू नका, ‘फाइव्ह जी जनरेशन’ही नाही. दोन्हींत जनरेशन आधीच बसलेली आहे. फाइव्ह जी मधला ‘जी’ म्हणजेच जनरेशन. पहिल्या पिढीचं मोबाइल जाळं 1979 मध्ये जपानमध्ये सुरू झालं, दुसऱ्या पिढीचं 1991 मध्ये फिनलंडमध्ये, आणि असं करत गाडी पाचव्यावर आली. गंमत म्हणजे चॅटजीपीटीमधला ‘जी’ मात्र जनरेशन नव्हे, जनरेटिव्ह. तोही त्याच मुळातला, पण दुसऱ्या कामाचा: निर्मिती करणारा.

जेन झीच्या बाबतीत दुसरी तक्रार सालांची. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरची विभागणी जास्त वापरली जाते: 1946 ते 1964 बूमर, 1965 ते 1980 जेन एक्स, 1981 ते 1996 मिलेनियल, 1997 पासून जेन झी. ही जन्मसालं आहेत, वयं नव्हेत. त्यामुळे ‘मिलेनियल’ म्हणजे तरुण हा अर्थ कधीच शिळा झाला, 1981 चा मिलेनियल 2021 मध्येच चाळिशीला पोचला. या रेषा कुणी दगडावर कोरलेल्या नाहीत. खुद्द प्यूनेच 2023 मध्ये ही लेबलं यापुढे जपूनच वापरू असं जाहीर केलं. वाक्यात लिहिताना ‘ही इज जेन झी’, विशेषणासारखं, ‘अ’ न लावता.

आणि जुना लॅपटॉप विकणारे-घेणारे हो, ‘आय-फाइव्ह’ म्हणजे ‘फिफ्थ जनरेशन’ नव्हे! हा प्रश्न मला भाषेचा म्हणून इतक्या वेळा विचारलाय की शेवटी मी तो शिकूनच घेतला. इंटेलच्या कोर मालिकेत तीन, पाच, सात, नऊ हे दर्जाचे आकडे. पिढी असते ती त्यापुढच्या लांब आकड्याच्या सुरुवातीला. आय-फाइव्ह-8250यू असेल तर आठवी पिढी, आय-फाइव्ह-12400 असेल तर बारावी. ‘माय लॅपटॉप इज फिफ्थ जनरेशन’ असं लिहून कुणी आठव्या पिढीचं यंत्र उगाच जुनं ठरवून बसतं. नीट वाक्य: ‘इट हॅज अ‍ॅन एटथ-जनरेशन प्रोसेसर.’

‘पिढ्यानपिढ्या’ आणि मंडळी

इथे बिघाड उलट्या बाजूने येतो. मराठीत पिढी आहे म्हणून इंग्रजीत जनरेशन ओढून आणली जाते.

‘पिढ्यानपिढ्या’साठी ‘फॉर जनरेशन्स’ पुरतं: ‘दे हॅव लिव्ह्ड हिअर फॉर जनरेशन्स.’ ‘जनरेशन्स टू जनरेशन्स’ नको. एकाकडून दुसऱ्याकडे काही सोपवलं जात असेल, गोष्टी, गाणी, हातातलं कसब, तेव्हा ‘फ्रॉम जनरेशन टू जनरेशन’, किंवा ‘फ्रॉम वन जनरेशन टू द नेक्स्ट’. पहिल्यात ‘अ’ आणि ‘द’ दोन्ही नाहीत. मोजता येणारा शब्द उघडा चालतो अशी ही एक जागा.

‘पिढीजात’ला ‘जनरेशन’ लागतच नाही. पिढीजात धंदा ‘फॅमिली बिझनेस’, पिढीजात घर ‘अ‍ॅन्सेस्ट्रल होम’, पिढीजात वैर ‘अ फॅमिली फ्यूड’. ‘जनरेशन हाउस’ असं एकदा वाचलं होतं. लिहिणाऱ्याला वाडा म्हणायचा होता, मला जनरेटरची खोली दिसली.

‘सात पिढ्या बसून खातील’ याचं शब्दशः भाषांतर केलं तर सातच का, हा प्रश्न इंग्रजी वाचकाला पडतो. ‘देअर इज इनफ मनी टू लास्ट फॉर जनरेशन्स’ म्हणा, सात सोडून द्या. आणि कुणी कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असेल तर तो मराठीतच राहू द्या.

स्पेलिंगखाली लाल रेघ

लोक दुसरा ‘ई’ गाळतात. आपण ‘जन्-रेशन’ म्हणतो, मधला स्वर गिळतो, मग बोटंही तो गिळतात. अक्षरं दहा: जी, ई, एन, ई, आर, ए, टी, आय, ओ, एन. मोजून नऊ भरली तर दुसरा ‘ई’ राहिलाय. उच्चारात जोर ‘रे’वर.

आणि एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ वाचून एका काकूंनी मला विचारलं होतं, “हे पिढीजात आहे का गं?” नाही. तिथे झीज एवढाच अर्थ. मूळ तेच, पण ‘डी’ लागल्यावर आपल्या मूळच्या प्रतीवरून खाली घसरणं असा अर्थ होतो. आजार आनुवंशिक असेल तर रिपोर्टमध्ये ‘हेरेडिटरी’ किंवा ‘जेनेटिक’ असेल.

तर ते वाक्य

दुरुस्त होऊन असं गेलं: “अवर फॅमिली बिझनेस इज नाऊ इन इट्स फोर्थ जनरेशन, अँड इट स्टिल क्रिएट्स जॉब्ज.” तीनपैकी एकच जनरेशन उरली. गृहस्थांना ते जरा रिकामं वाटलं. “एक तरी अजून घाला की,” म्हणाले. मी नाही घातली.

कानाच्या चाचणीबद्दल एक पुरवणी. एआयकडून चित्रं काढून घेणाऱ्या एका मुलाने मला अडवलं: “इमेज जनरेशन ही निर्मिती ना? मग ते मोजायचं नाही. पण इंग्रजीत लोक ‘थ्री जनरेशन्स’ लिहितात, ते कसं?” मी त्याला म्हटलं, तू तुझ्या मित्राला काय सांगतोस ते मराठीत सांग. तो म्हणाला, “पहिली जनरेशन गंडली, दुसरी बरी आली.”

पहिली, दुसरी. त्याने स्वतःच मोजून दाखवलं होतं.